मनगट वर

कोनाळे सरांनी माझा चेहरा पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मला त्यांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जायला लागून तीन महिने उलटून गेले होते. तोवर त्यांनी फक्त माझे हात पाहिले होते.

यात माझ्या चेहऱ्याचा काही दोष नव्हता. सर कुणाचाच चेहरा पाहत नसत. तुम्ही समोर उभे राहिलात की त्यांची नजर आधी तुमच्या कोपरावर यायची, तिथून मनगटावर उतरायची आणि बोटांपाशी येऊन थांबायची. मग ते तुमच्या बोटांशी बोलायला लागत. 'काल का आला नाहीस?' हा प्रश्न त्यांनी माझ्या उजव्या तर्जनीला विचारला होता. खिशात हात घालून कुणी रस्त्याने गेलं तर सर ओळख देत नसत. बॅचमधला एक जण सायकलवरून पडला आणि हाताला प्लास्टर घालून आला, तेव्हा सरांनी त्याला 'नवीन प्रवेश बंद आहेत' असं सांगून दारातूनच परत पाठवला.

इन्स्टिट्यूट शुक्रवार पेठेत होती. पुढची खोली मशिनांची, मागे सरांचं बिऱ्हाड आणि मध्ये फळ्यांची भिंत. खोलीत नऊ मशिनं होती. त्यांतली दोन इंग्रजी, बाकी मराठी. कोपऱ्यात एक काचेचं कपाट होतं आणि त्यात एक चांदीचा कप. मला अशा कपांचं पहिल्यापासून वावडं आहे. कप मिळवणारा माणूस उरलेलं आयुष्य तो पुसण्यात घालवतो, असं माझं निरीक्षण होतं. हा कप मात्र काळा पडला होता, कोरलेल्या नावाची बाजू भिंतीकडे फिरवली होती आणि आत काठोकाठ गोखरू भरले होते.

गोखरू म्हणजे माळरानावर अनवाणी पायात घुसतात ते काटेच. सर दर रविवारी गावाबाहेर जाऊन ते वेचून आणत आणि डिंकाने टेबलांच्या पुढच्या कडेला ओळीने चिकटवत. टाइप करताना मनगट ज्याने टेबलावर टेकवलं त्याला ताबडतोब कळायचं. त्यासाठी सरांना बोलायची गरज नव्हती, तरी ते बोलायचेच. दिवसातून दोनशे वेळा तरी तो आवाज खोलीत घुमायचा, "मनगट वर!"

दर दहा मिनिटांनी सर पितळेची घंटा वाजवत. घंटा झाली की वाक्य अर्धं असो, शब्द अर्धा असो, सगळ्यांनी हात मशीनवरून काढायचे, खाली सोडायचे आणि पाणी झटकावं तसे झटकायचे. मग मुठी उघडायच्या, मिटायच्या. रस्त्याकडेची मोठी खिडकी उघडीच असे. समोर रशीदभाईंचं टेलरिंगचं दुकान होतं. तिथे कपडे शिवायला आलेली माणसं हा प्रकार पाहून चक्रावून जात.

"क्या सर," रशीदभाई मशीनवरून ओरडायचे, "आज बी हाताँ सुकाने डाले क्या? चिमटे दूं?"

"तुमचं मनगट बघा आधी," सर उलट ओरडायचे. "कात्री धरताना वाकडं करालाय. पन्नाशीत लुंगीची गाठ मारता येणार नाही तुम्हाला!"

"पन्नाशी? वो तो पिछले साल हो गई की!"

असंच एकदा झालं आणि दुसऱ्या दिवशी सरांनी रशीदभाईंच्या कापायच्या टेबलाखाली चार विटा सरकवून त्याची उंची वाढवली. रशीदभाईंनी दोन दिवस शिव्या दिल्या आणि विटा तशाच ठेवल्या.

सरांच्या दृष्टीने माणसांचे मोजून चार प्रकार होते. मशीन बडवतो तो 'ताशा'. हात जड टाकतो तो 'पोतं'. एकाच हाताने सगळं ओढतो तो 'खुरपं'. आणि दोन बोटांनी टिपत बसते ती 'कोंबडी'. पाचवा प्रकार 'हात' हा होता आणि तो आमच्यापैकी कुणालाही मिळालेला नव्हता. पहिल्या दिवशी सरांनी मला तीन ओळी टाइप करायला लावल्या, फूटपट्टी माझ्या तर्जन्यांवर टेकवली आणि नाव न विचारता वहीत लिहिलं, 'कोंबडी, चार नंबर मशीन.' चार महिने मी त्या वहीत कोंबडीच होतो.

आता मी तिथे का गेलो ते सांगायला हवं. मी मूळचा करमाळ्याचा. कारभार मराठीत करायचा असं वर ठरलं होतं आणि खाली मराठी टाइप करणारं कुणी नव्हतं, त्या दिवसांत मला सोलापूरच्या एका सरकारी कचेरीत कारकुनाची हंगामी जागा मिळाली. अट एकच होती. तिसाच्या वेगाची मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा मुदतीत पास व्हायची. दीड वर्ष मी दोन बोटांवर कचेरी चालवली आणि दोनदा नापास झालो. उन्हाळ्यातली परीक्षा ही शेवटची संधी होती. ती गेली की जागा जाणार आणि मी करमाळ्याच्या बाजारात मामांच्या आडतीवर कांद्याची पोती मोजायला बसणार, हे ठरलेलं होतं. मामांची पत्रंही तशीच येत. 'तितं बसून खटखट करतोस त्यापरीस हितं ये की. हितं बी बोटंच लागत्यात मोजायला.'

कांद्याविषयी माझ्या मनात काही आकस नाही. पण मला पुस्तकं वाचायची खोड होती, सोलापूरच्या वाचनालयात माझी खुर्ची ठरलेली होती, आणि मामांच्या आडतीवर छापील मजकूर म्हणाल तर पोत्यांवरचा तेवढाच. म्हणजे माझं पुढचं सगळं आयुष्य त्या तीस शब्दांवर टांगलेलं होतं. आणि ते तीस शब्द ज्यांच्याकडून शिकायचे ते सर वेगाचं नावही काढू देत नसत.

"सर, माझा वेग किती झाला असेल?"

"मनगट किती वर आहे?"

"ते आहे वर. पण वेग?"

"वेग म्हणजे पाव्हणा. घर नीट ठेव, आपण होऊन येतोय. बोलवायला गेलास की पाट मोडून जातोय."

सरांचं हे वेड इन्स्टिट्यूटपुरतं असतं तर चाललं असतं. पण लग्नाच्या पंगतीत ते भाताची बादली घेऊन धावणाऱ्याला थांबवून सांगत, 'दर पंगतीला हात बदल.' देवळात घंटा वाजवणाऱ्याला कोपर अंगाशी ठेवायला लावत. न्हाव्याकडे दाढी अर्धी झाली असताना त्याला उठवून त्याचं स्टूल बदलायला लावल्याचं रशीदभाई शपथेवर सांगायचे.

याच दिवसांत गल्लीच्या टोकाला एक नवी इन्स्टिट्यूट निघाली. 'तीन महिन्यांत वेग, हमखास यश' असा फलक लागला आणि उद्घाटनाला मांडव पडला. पाहुणे मोठे होते. त्यांनी हारासकट खाली वाकून एक कळ दाबली, तिचा फोटो निघाला, आणि मग त्यांनी राष्ट्राच्या प्रगतीचं चाक या यंत्रावर कसं फिरतंय ते अर्धा तास सांगितलं. त्यांना बहुधा शिलाई मशीन म्हणायचं असावं. नंतर मुख्य कार्यक्रम झाला. एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला स्टेजवर बसवून तिच्या डोळ्यांवर कोरा रुमाल बांधला आणि घड्याळ लावून टाइप करायला सांगितलं. पोरगी खरंच विजेसारखी होती. टाळ्या थांबेनात.

मी सरांच्या शेजारी बसलो होतो. सर टाळ्या वाजवत नव्हते. ते एकदम उठले, खुर्च्यांमधून वाट काढत स्टेजवर चढले आणि खिशातली फूटपट्टी काढून त्यांनी त्या मुलीचं मनगट खालून उचललं. "मनगट वर, बाळ! वर घे!" हे माईकवरून सगळ्या पेठेला ऐकू गेलं. पोरीने घाबरून रुमाल काढला. दोघा कार्यकर्त्यांनी सरांना धरून खाली आणलं. सर जाताजाता म्हणत होते, "थांबवा रे तिला. कप देऊन टाका, पण थांबवा."

"जळतंय म्हातारं," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं.

महिनाभरात सरांची निम्मी मुलं टोकावर गेली. नऊपैकी चार मशिनांवर कापड चढलं. सरांनी घंटा वाजवणं थांबवलं नाही. "जाऊ देत," ते म्हणाले, "ठणकायला लागलं की येतील परत."

ठणका मात्र आधी मलाच लागला. घाईने मी कचेरीत दिवसभर आणि इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळी टाइप करत होतो. उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत कुणीतरी तापलेली तार ओढतंय असं वाटायचं, करंगळीला मुंग्या यायच्या. मी कुणाला बोललो नाही. एका संध्याकाळी रशीदभाईंकडून चहा आला आणि मी ग्लास डाव्या हाताने उचलला. बस्स, तेवढंच. सर लांबून आले, माझ्या हाताचा एक बिंदू अंगठ्याने दाबला आणि मी खुर्चीवरून वीतभर उडालो.

"तीन आठवडे मशीन बंद," सर म्हणाले. "कचेरीत पण. हाताने लिही, डाव्याने शिक्के मार."

"सर, परीक्षेला सहाच आठवडे राहिलेत!"

"म्हणूनच आज सांगतोय. तीन राहिले असते तर घरी पाठवलं असतं."

दुसऱ्या दिवशी चार नंबरवर मशीन नव्हतं. त्या जागी ज्वारीचा कोंडा भरलेली एक उशी होती. मी तिच्यावर बोटं ठेवून, सर उतारा वाचतील तसा, कोरडाच टाइप करायचा असं ठरलं. बाकीच्यांची मशिनं कडाडत होती आणि मी गादीकारखान्यात नोकरीला असल्यासारखा उशी दाबत होतो.

खिडकीतून रशीदभाईंनी बघितलं. "उशीपे टाइप करते? फिर तो तुम नींद में बी पास हो जाते!"

चार दिवस मी सोसलं. पाचव्या दिवशी सर रिबिनी आणायला बाहेर गेले, तेव्हा मी पटकन शेजारच्या मशीनवर बसलो, सवयीप्रमाणे कडाकडा बोटं मोडली आणि अर्धं पान टाइप केलं. सर येण्याआधी उशीपाशी परत. दुसऱ्या दिवशी आल्याआल्या सर माझ्या बोटांना म्हणाले, "काल साडेपाचला पाच नंबरवर कोण बसलं होतं, कोंबडी?"

बॅचमधल्या कुणी चुगली केली असेल म्हणून पुढच्या वेळी मी खोलीत एकटा असताना बसलो. तरी सरांना कळलं. एवढंच नव्हे, 'दोन ओळींनंतर उजवा हात ओढायला लागलास,' हेही कळलं. आमच्यात एक समजूत होती की सरांना मशिनांची भाषा येते आणि रात्री ती त्यांना सगळं सांगतात. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण दुसरं स्पष्टीकरणही नव्हतं.

कचेरीत हेडक्लार्क रोज विचारायचे, "काय, चाललीय ना तयारी?" उशीवर चाललीय हे त्यांना कसं सांगणार? शेवटी मी ठरवलं. टोकावरच्या इन्स्टिट्यूटमधून परीक्षेला बसायचं. त्यासाठी सरांकडून माझा परीक्षेचा फॉर्म परत घ्यायला हवा होता. मी तसा अर्ज लिहिला, तोही मुद्दाम उजव्या हाताने, आणि तो खिशात घालून सात वाजता इन्स्टिट्यूटमध्ये पोचलो.

सात ही सरांची चहाची वेळ. रोज सातला ते आत जात आणि अर्ध्या-पाऊण तासाने येत. एका चहाला एवढा वेळ कसा लागतो यावर आमची बरीच चर्चा झाली होती. त्याच सुमाराला फळ्यांच्या भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. थप, थप, थप. इतका एकसारखा की घड्याळ लावून घ्यावं. काकूंना आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. त्या बाहेर येत नसत. पण त्यांच्या थापण्यावर आमचा सगळ्यांचा जीव होता. 'असा हात पाहिजे टायपिंगला,' असं आम्ही एकमेकांना म्हणायचो.

त्या दिवशी मी वाट बघितली नाही. आतल्या दाराशी गेलो. धीर यावा म्हणून खिशातच बोटं मोडली, आणि खांद्याने पडदा बाजूला केला.

चुलीपुढे सर बसले होते. धोतर गुडघ्यांपर्यंत खोचलेलं, बाह्या दंडापर्यंत सरकवलेल्या, पुढ्यात काटवट. सर भाकरी थापत होते.

भिंतीला टेकून, फळ्यांना जवळजवळ कान लावून काकू बसल्या होत्या. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग ठेवायची चांदीची डबी, करडी. मांडीवर कोंड्याची उशी, आणि उशीवर दोन्ही हात. हातांची बोटं आत वळलेली होती. संत्रं धरावं तशी. पण धरलेलं काही नव्हतं.

"री," काकू म्हणत होत्या. कानडी घरातलं ते 'अहो'. "मनगट पडायलंय बघा. मनगट वर!"

आणि सरांनी मुकाट्याने मनगट वर घेतलं.

"कोण आलंय?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"कोंबडी," काकू म्हणाल्या. "बोटं मोडली की आत्ता. मोडू नको रे बाबा अशी. मला हितं बसून रोज ऐकायला येतंय."

म्हणजे मशिनांची भाषा येत होती ती यांना.

सरांनी तेव्हा मान वर केली आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. माझे हात खिशात होते आणि त्यांचे पिठात. दुसरं बघण्यासारखं काही नव्हतंच. पाहिलं आणि जरासे ओशाळले. दोष माझ्या चेहऱ्याचा नसावा.

"बस की," काकू म्हणाल्या. "उभं का राहिलास?"

मी बसलो. मग म्हटलं, "काकू, तुम्हाला टायपिंग येतं?"

"यायचं. लई यायचं." त्या हसल्या. "ह्यांची पहिली विद्यार्थीण मीच की. लग्न होऊन आले तवा घरात एकच मशीन होतं. पहिल्यांदा गंमत म्हणून बसले. मग वेगच यायला लागला. माणसं बघायला यायची खिडकीत. आणि हे घड्याळ धरून उभे. आज पन्नास, उद्या साठ."

सरांनी दुसरा गोळा घेतला होता. थप, थप.

"एकदा मोठा समारंभ ठरला. स्टेज, पाव्हणे, डोळ्याला रुमाल. त्याच्याआधी पंधरा दिवस हात ठणकायला लागले माझे. ह्यांना म्हटलं. हे म्हणाले..."

"मी म्हणालो," सर मध्येच बोलले, "एवढा समारंभ होऊ दे, मग बघू." ते भाकरीशी बोलत होते. "एवढंच म्हणालो."

"कप मिळाला बघ चांदीचा," काकू म्हणाल्या. "तो उचलायला गेले तर बोटं उघडेनात. मग वैद्य झाले, मोठा दवाखाना झाला, शेक झाला, लेप झाले. त्याला आता वीस वर्षं झाली."

थपथप थांबली होती. काकूंनी सरांकडे पाहिलं आणि अगदी आमच्या सरांच्या आवाजात म्हणाल्या, "थांबलाव का? तवा जळायलाय."

सरांनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, हात पुसले. "काय काम काढलंस?" त्यांनी मला विचारलं. नजर परत माझ्या खिशाकडे गेली होती, जिथे माझे हात होते आणि अर्जही.

"काही नाही," मी म्हणालो. "चहाला आलो होतो."

चहा मिळाला नाही. शेंगाचटणी आणि भाकरी मिळाली. सरांनी काकूंना एकेक घास भरवला. मध्येच मला, "डाव्या हाताने खाऊ नकोस, अजून एवढं काही झालं नाही," असं सांगितलं. अर्जाचं मी नंतर काय केलं ते मला आठवत नाही. बहुधा चुलीत गेला असावा.

उरलेले दिवस मी उशीवर काढले, आणि कुरकूर न करता काढले. तीन आठवडे भरले तेव्हा ठणका गेला होता. सरांनी चार नंबरवर मशीन परत आणून ठेवलं आणि पहिल्या दिवशी फक्त दहा मिनिटं दिली. दुसऱ्या दिवशी वीस. मी घड्याळाकडे बघायचो, सर माझ्या कोपराकडे. दोन बोटांची आठ बोटं कधी झाली ते मला कळलं नाही, पण एका संध्याकाळी फळ्यांपलीकडून हळूच टकटक झाली. सर आत जाऊन आले, वही काढली आणि त्यांनी 'कोंबडी' खोडलं. त्या जागी काय लिहिलं ते दाखवलं नाही.

परीक्षेला त्या काळी मशीन आपापलं न्यावं लागे. सकाळी इन्स्टिट्यूटची पाच मशिनं हातगाडीवर चढली, वर चादर, वर दोरी. हातगाडीमागे आम्ही आणि आमच्यामागे सर. त्यांच्या काखेत एक पाट होता. जुना, कोपऱ्यांत पितळी फुलं ठोकलेला.

केंद्र एका शाळेत होतं. बाक उंचीला कमी, टेबल उंच. सरांनी फूटपट्टी लावली, मान हलवली आणि माझ्या बाकावर पाट ठेवला. पर्यवेक्षक धावत आले.

"हे काय?"

"पाट."

"ते दिसतंय. इथे पंगत बसणार आहे का?"

"कोपर टेबलाच्या वर आलं पाहिजे साहेब. मुलगा बुटका आहे, टेबल उंच आहे. तुमच्या नियमात पाट नको असं लिहिलंय का?"

पर्यवेक्षकांनी पाट उचलून उलटा केला. खाली उतारा लिहिला असेल असा त्यांना संशय होता. खाली हळदीकुंकवाचे जुने डाग होते. "लग्नातला आहे हो हा," ते जरा नरमून म्हणाले.

"आहे ना," सर म्हणाले. "बसायलाच केलाय."

सरांना बाहेर काढण्यात आलं. मी पाटावर बसलो.

वेगाचा उतारा सुरू झाला आणि चाळीस मशिनं एकदम सुटली. वर पत्रा, बाहेर सोलापूरचं ऊन, आत तो कडकडाट. उतारा अर्धा झाला आणि उजव्या हातात ती ओळखीची तार हलली. मनगट खाली उतरत होतं. शेजारी टोकावरच्या इन्स्टिट्यूटचा एक जण माझ्यापुढे तीन ओळी होता. त्या क्षणी मला कांदे दिसले, मामा दिसले, वाचनालयातली रिकामी खुर्ची दिसली. कुणीही शहाण्या माणसाने त्या वेळी जोर केला असता. मी हात मशीनवरून काढले, खाली सोडले आणि पाणी झटकावं तसे झटकले. एकदा, दोनदा, तीनदा. मला वेड लागल्यासारखे पर्यवेक्षक माझ्याकडे बघत राहिले. मग मी मनगटं वर घेतली आणि जिथे शब्द तुटला होता तिथून पुढे गेलो. उतारा संपला तेव्हा शेवटच्या शब्दावर माझं बोट होतं आणि हातात तार नव्हती.

निकाल लागला. मी पास झालो, अगदी काठावर. तिसाच्या वर शब्द म्हणाल तर दीड. पेढे घेऊन मी संध्याकाळी इन्स्टिट्यूटमध्ये गेलो. रविवार होता, सुट्टीचा. मशिनांवर कापडं होती. पुढे कुणी नव्हतं. मी 'सर' म्हणून हाक मारली, तर आतून पिठाचे हात घेऊन सर आले. पेढ्यांकडे त्यांनी बघितलं नाही. माझा उजवा हात धरला, तोच बिंदू अंगठ्याने दाबला. माझ्या हातावर पिठाचा ठसा उमटला.

"दुखतंय?"

"नाही."

"खरं सांग."

"खरंच नाही, सर."

त्यांनी हात सोडला. काचेच्या कपाटापाशी जाऊन ते उगीचच कपातले गोखरू चाळत राहिले. मग म्हणाले, "आणि निकालाचं काय झालं?"

"पास."

"बरं. बस. माझी एक भाकरी राहिलीय." आणि आत गेले.

मी चार नंबरवरचं कापड काढलं आणि कागद चढवला. काय टाइप करावं सुचेना, म्हणून परीक्षेचाच उतारा आठवेल तसा टाइप करायला लागलो. सावकाश. एकाही अक्षराला घाई नव्हती. फळ्यांपलीकडे कुणीतरी सरकून भिंतीजवळ आल्याचं कळलं. पान संपलं. पलीकडून टकटक झाली नाही, सूचना आली नाही. काहीच आलं नाही. त्या घरात याहून मोठी शाबासकी नव्हती.

मग थापण्याचा आवाज सुरू झाला. थप, थप, थप. मी हात मांडीवर ठेवून ऐकत बसलो. इतक्या महिन्यांत कान बराच तयार झाला होता. दहा-बारा थापा एकसारख्या पडल्या आणि मग उजव्या हाताची एक थाप जराशी जड पडली. पुढचीही. सर दमले होते, किंवा त्यांचं लक्ष नव्हतं. काकू सांगतील म्हणून मी थांबलो. त्या बोलल्या नाहीत. कदाचित त्याही थांबल्या असतील.

तेव्हा मीच घसा साफ केला आणि फळ्यांकडे तोंड करून मोठ्याने म्हणालो,

"सर, मनगट वर!"

आत थाप थांबली. मग थाप पुन्हा पडायला लागली, हलकी आणि एकसारखी, आणि तिच्यावरून काकूंचं हसू ऐकू आलं.